आत्म्याचा वैद्य कोण?

१९६५च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर धर्मविद्यालयातले एक प्राध्यापक इलिनॉय राज्यातल्या दोन सरकारी मनोरुग्णालयांत काम करायला गेले. त्यांचे नाव जे अ‍ॅडम्स. प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक, वय छत्तीस. विद्यालयात ते प्रवचनशास्त्र शिकवत. पाळकांनी समुपदेशन कसे करावे हा विषयही त्यांच्या वाट्याला आला होता. त्या विषयावरची पुस्तके वाचताना त्यांना जाणवले, की पाळकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकांत पवित्र शास्त्राला फारसे स्थानच नाही. पानोपानी आहेत ते मनोविश्लेषक फ्रॉइड आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. मनोरुग्णालयांत ते ज्यांच्या हाताखाली शिकले ते ओ. होबार्ट माउरर काही धर्मोपदेशक नव्हते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते १९५४ साली अध्यक्ष होते. वर्षानुवर्षे स्वतः नैराश्याशी झगडलेल्या या माणसाचे म्हणणे असे, की मनोविश्लेषणाने रुग्णाची अपराधभावना खोटी मानून चूक केली. पुष्कळदा रुग्णाने खरोखरच काही वाईट केलेले असते आणि ते लपवलेले असते. ते कबूल करणे आणि झालेले नुकसान भरून देणे, हाच बरे होण्याचा रस्ता.

पाच वर्षांनी, १९७० मध्ये, अ‍ॅडम्स यांचे ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ प्रसिद्ध झाले. त्यातली मांडणी रोखठोक होती. माणसाचे त्रास दोन प्रकारचे. शरीराचे त्रास डॉक्टरकडे न्यावेत. जगण्याचे त्रास, म्हणजे राग, भीती, मोडत चाललेला संसार, आतून पोखरणारा अपराध, हे पाळकाचे काम. या दोहोंच्या मध्ये ‘मानसिक आजार’ नावाचा तिसरा प्रांत निर्माण करून मानसोपचारतज्ज्ञ तिथे बसला आहे, आणि ती जागा मुळात पाळकाची होती, असा त्यांचा दावा. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात विश्वासणारे एकमेकांना बोध करण्यास समर्थ असल्याचे म्हटले आहे. पुस्तकाचे नाव त्यावरूनच घेतलेले. या पद्धतीत पाळक ऐकून घेतो, पण नुसते ऐकून थांबत नाही. काय चुकते आहे ते तोंडावर सांगतो, शास्त्राचा आधार दाखवतो आणि पुढच्या भेटीपर्यंत करायचा गृहपाठ देतो. जुनी सवय सोड, तिच्या जागी नवी लाव.

अमेरिकेतल्या हजारो पाळकांना हे पुस्तक सुटकेसारखे वाटले. आपल्याला पदवी नाही, आपण काय बोलणार, या न्यूनगंडात ते वावरत होते. १९६८ साली अ‍ॅडम्स यांनी फिलाडेल्फियाजवळ समुपदेशनाचे केंद्र सुरू केलेच होते. १९७६ मध्ये अशा समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज ती ‘असोसिएशन ऑफ सर्टिफाइड बिब्लिकल काउन्सेलर्स’ या नावाने काम करते. काही लेखक अ‍ॅडम्स यांच्याही पुढे गेले. मार्टिन आणि डीड्रे बॉबगन या दांपत्याने १९८७ मध्ये ‘सायकोहेरसी’ नावाचे पुस्तक काढून चर्चमधले मानसशास्त्र ही सरळसरळ धर्मभ्रष्टता ठरवली.

विज्ञानाला घाबरलेल्या धर्माची ओरड, असे म्हणून हा सारा विरोध झटकून टाकता येतो. पण त्यात एक गंभीर प्रश्न आहे आणि एक गंभीर धोका आहे, आणि ते वेगवेगळे ओळखता आले नाहीत तर दोन्ही बाजूंची माणसे दुखावली जातात. आत्म्याच्या काळजीचा हक्क कोणाचा, हा तो प्रश्न. हक्क मागणाऱ्याने जबाबदारी मात्र न घेणे, हा तो धोका.

मनाच्या व्यथा घेऊन माणसे धर्मगुरूकडे जात ती शतकानुशतकांची रीत. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कार होता, आध्यात्मिक मार्गदर्शक होते. प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर इंग्लंडातल्या प्युरिटन पाळकांनी मनाच्या अवस्थांचा इतका बारीक अभ्यास केला, की आजच्या रोगनिदानाची आठवण व्हावी. इंग्लंडमध्येच विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ मध्ये यॉर्क येथे मनोरुग्णांसाठी घर उघडले. साखळ्या आणि मारहाण यांच्याऐवजी तिथे माणुसकीची वागणूक, बाग आणि काम होते. मनोरुग्णालयांच्या सुधारणेचा इतिहास या घराशिवाय लिहिता येत नाही. चर्च आणि मनाचे उपचार यांचे वैर मुळापासूनचे नाही, एवढे यावरून दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी तर दोघांची गट्टी जमली होती. बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९०६ साली एलवुड वूस्टर या धर्मगुरूंनी डॉक्टरांना सोबत घेऊन चिंताग्रस्त लोकांसाठी उपचारवर्ग चालवले. अँटन बॉइसेन हे पाळक स्वतः तीव्र मानसिक आजारातून गेले होते, मनोरुग्णालयात राहिले होते. त्यातून बाहेर आल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर सरकारी रुग्णालयात धर्मसेवक झाले आणि १९२५ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या खाटांशेजारी आणून बसवले. रुग्ण हाच एक जिवंत ग्रंथ आहे, तो वाचायला शिका, ही त्यांची शिकवण. जगभरच्या रुग्णालयांत आज धर्मसेवकांना जे प्रशिक्षण मिळते त्याची सुरुवात तिथे झाली. कार्ल रॉजर्सही तरुणपणी न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयात शिकायला आले होते; तिथून ते रस्त्यापलीकडच्या शिक्षण महाविद्यालयात गेले आणि मानसशास्त्राचे झाले.

फ्रॉइडचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. १९२७ मध्ये ‘द फ्यूचर ऑफ अ‍ॅन इल्यूजन’ लिहून त्याने धर्माला मानवजातीच्या बालपणातला भ्रम ठरवले. त्याला पहिले सविस्तर उत्तर दिले ते झुरिकच्या ऑस्कर फिस्टर यांनी. फिस्टर प्रॉटेस्टंट पाळक होते आणि मनोविश्लेषकही. ‘भ्रमाचे भविष्य’ या पुस्तकाला त्यांनी ‘भविष्याचा भ्रम’ अशा शीर्षकाच्या लेखाने १९२८ मध्ये उत्तर दिले, तेही फ्रॉइडच्याच नियतकालिकात. दोघांची मैत्री १९०९ पासून फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत तीस वर्षे टिकली. मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि अधार्मिकही नाही, दुःखी माणसासाठी पाळक आणि इतर कोणीही ते साधन म्हणून वापरू शकतो, असे फ्रॉइडने या मित्राला लिहिले होते. नंतरच्या भांडखोर दशकांत दोन्ही बाजूंनी या पत्रव्यवहाराचा विसर पडला, याचे मला वाईट वाटते.

विरोधाची धार दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. १९४७ मध्ये कॅथलिक धर्मगुरू फुल्टन शीन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधून मनोविश्लेषणावर कडक टीका केली. कबुलीच्या जागी विश्लेषकाचा पलंग येतो आहे, पाप नाहीसे करून नुसती ‘गंड’ची भाषा उरते आहे, ही त्यांची तक्रार होती. यावरून कॅथलिक मानसोपचारतज्ज्ञांतच वाद पेटला. पुढे १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना तोल साधला. मानसोपचाराला त्यांनी मान्यता दिली, मात्र खरा अपराध नुसत्या उपचाराने पुसला जात नाही, हेही बजावले. कॅथलिक चर्चची भूमिका त्यानंतर साधारण याच चौकटीत राहिली. प्रॉटेस्टंट इव्हँजेलिकल मंडळ्यांत असा एकमुखी अधिकार नसतो, त्यामुळे तिथे वाद मिटला नाही, पसरत गेला. एकीकडे कॅलिफोर्नियातल्या फुलर धर्मविद्यालयाने १९६५ मध्ये मानसशास्त्राची स्वतंत्र शाखाच काढली. दुसरीकडे त्याच वर्षी अ‍ॅडम्स इलिनॉयला निघाले होते.

आता मानसशास्त्राविषयीच्या या संशयवाद्यांचे म्हणणे कुठे खरे ठरते ते पाहू.

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की उपचारपद्धती मूल्यनिरपेक्ष नसते. माणूस बरा झाला म्हणजे काय झाला, हे ठरवण्यासाठी चांगले जगणे म्हणजे काय याची कल्पना आधी मनात असावी लागते, आणि ती प्रयोगशाळेतून येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस मराठी वाचकाला चांगले परिचित आहेत. त्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात अनेकांनी शिकवली, तिच्यावर मराठीत पुस्तके झाली. हेच एलिस जन्मभर ठाम नास्तिक होते आणि कडवी धार्मिकता व भावनिक अस्वास्थ्य यांचे नाते जवळचे आहे, असे त्यांनी १९८० मध्ये एका नामांकित नियतकालिकात मांडले. ते उत्तर होते अ‍ॅलन बर्गिन या मानसशास्त्रज्ञाच्या लेखाला. उपचारक आपली मूल्ये रुग्णाच्या नकळत त्याच्यात पेरत असतो, तेव्हा ती निदान उघडपणे सांगावीत, हे बर्गिन यांचे म्हणणे. एखादी श्रद्धाळू बाई चिंतेने पोखरली म्हणून उपचाराला गेली आणि समोरच्याने तिच्या श्रद्धेलाच आजाराचे मूळ मानले, तर तिची तक्रार रास्तच आहे. एलिस यांचाही सूर पुढे मवाळ झाला. धार्मिक रुग्णांसाठी आपली पद्धत कशी वापरावी यावर त्यांनी दोन सहलेखकांसह २००१ मध्ये पुस्तक लिहिले.

दुसरा मुद्दा पापाच्या जाणिवेचा. इथे संशयवाद्यांना अनपेक्षित ठिकाणाहून साथ मिळाली. कार्ल मेनिंजर हे अमेरिकेतले अत्यंत प्रतिष्ठित मानसोपचारतज्ज्ञ. १९७३ मध्ये त्यांनीच विचारले, की पापाचे झाले तरी काय? प्रत्येक दुष्कृत्य एक तर गुन्हा ठरते, नाही तर आजाराचे लक्षण. मग मी चुकलो, असे म्हणायला माणसाला जागा कुठे उरते? १९७७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल व्हिट्झ यांनी मानसशास्त्र हाच स्वतःची पूजा शिकवणारा नवा धर्म झाल्याची टीका केली. आणि जणू त्यांचेच म्हणणे सिद्ध करायला १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भव्य काचेच्या चर्चचे संस्थापक रॉबर्ट शुलर यांनी पुस्तक लिहिले, की आत्मसन्मान हीच नवी धर्मसुधारणा. क्रुसाभोवती उभ्या असलेल्या धर्माच्या केंद्रस्थानी आता स्वतःबद्दल छान वाटणे आले. अनेक सश्रद्ध माणसे यावर चिडली, आणि त्यांचे चिडणे मला समजते. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी आत्मसन्मानावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातले यश किंवा वागणूक सुधारते, या समजुतीला त्यात फारसा आधार सापडला नाही. एका फॅशनला शास्त्र समजून शाळांनी आणि चर्चनी डोक्यावर घेतले होते, हे त्या आढाव्याने उघड केले.

तिसरा मुद्दा, मानसशास्त्राच्या पायाचा. २०१५ मध्ये शंभर प्रसिद्ध मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा त्यांतल्या साधारण ३६ टक्क्यांचेच निष्कर्ष पुन्हा ठळकपणे मिळाले. सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते हे वर्षानुवर्षे लोकांना सांगितले गेले. २०२२ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांना त्याला ठोस पुरावा आढळला नाही. अर्थात औषधाने उतार पडतो की नाही हा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तो सिद्धांतावर नव्हे, चाचण्यांवर ठरतो, आणि मध्यम ते तीव्र नैराश्यात औषधांचा अनेकांना उपयोग होतो. पण ‘शास्त्र सांगते’ या दोन शब्दांपुढे पाळकांनी मान तुकवू नये, हे अ‍ॅडम्स यांचे म्हणणे निराधार नव्हते. हे संशोधन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच केले आणि स्वतःच प्रसिद्ध केले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. स्वतःची चूक शोधण्याची अशी रीत विरोधकांच्या शिबिरात फार क्वचित दिसली.

आणि इथून त्यांची कमजोर बाजू सुरू होते.

शरीराचे त्रास डॉक्टरकडे आणि जगण्याचे पाळकाकडे, ही अ‍ॅडम्स यांची वाटणी कागदावर सुटसुटीत दिसते. माणसात ती सापडत नाही. तीव्र नैराश्यात झोप जाते, भूक जाते, वजन उतरते, आणि त्याच वेळी आपण अक्षम्य पाप केले आहे असा पक्का समज मनात ठाण मांडतो. हा समज शरीराचा की आत्म्याचा? पाळकाने त्याला खरी अपराधभावना समजून कबुलीचा आग्रह धरला, तर तो आजारालाच खतपाणी घालतो.

चकित करणारी गोष्ट ही, की संशयवादी ज्यांना आपले पूर्वज मानतात त्या प्युरिटनांना हे ठाऊक होते. रिचर्ड बॅक्स्टर हे सतराव्या शतकातले थोर प्युरिटन पाळक. विषण्णतेवरच्या आपल्या प्रदीर्घ प्रवचनात त्यांनी अशा माणसांची लक्षणे मांडली. क्षमेचा दिवस उलटून गेला, आता आपल्याला आशा नाही, असे या लोकांना वाटत राहते, हे त्यांनी नोंदवले. मग सल्ला दिला, की त्यांना एकटे सोडू नका, त्यांच्याशी वाद घालत बसू नका आणि जाणत्या वैद्याकडून औषध द्या. शरीर बरे झाल्याशिवाय कितीही चांगला उपदेश केला तरी तो वाया जातो, असे त्यांनी अनुभवाने लिहिले. आजच्या एखाद्या समंजस डॉक्टरने यात काय वेगळे सांगितले असते?

एकोणिसाव्या शतकातले लंडनचे नामवंत प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांचे उदाहरणही पाहावे. १८५६ मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी ‘आग, आग’ म्हणून ओरडले, चेंगराचेंगरी झाली आणि सात जण मेले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यानंतर नैराश्याने त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी या खिन्नतेवर व्याख्यान दिले. ती शरीरातूनही येते, कामाच्या ओझ्यातूनही येते आणि कधी काही कारण न देताही येते, असे सांगितले. तिला त्यांनी पापाची शिक्षा म्हटले नाही.

खुद्द पवित्र शास्त्रात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस नुसते बसून राहिले तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागल्यावर त्यांनी एकच सूर लावला, की दुःख आहे म्हणजे मागे पाप असलेच पाहिजे, तेव्हा कबूल कर. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला. शास्त्र पुरेसे आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या पद्धतीची परीक्षा या पुस्तकाच्या उजेडात आधी करायला हवी होती.

हा वाद प्रत्यक्ष जिवावर बेतला तो लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या ग्रेस कम्युनिटी चर्चमध्ये १९७९ साली दहा हजारांवर माणसे येत आणि अनेक पाळक-समुपदेशक काम करत. विद्यापीठात शिकताना या चर्चकडे वळलेला चोवीस वर्षांचा एक तरुण दीर्घकाळ निराश होता आणि इथल्या पाळकांकडे समुपदेशनाला जात होता. मार्च १९७९ मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, त्यातून वाचला. रुग्णालयात भेटायला आलेल्या पाळकांना त्याने सांगितले, की आपण वाचलो याचे आपल्याला दुःख आहे. डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे धरून पाळक ते कोणाशी बोलले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाने भरती करण्याचा सल्ला दिला, तर घरच्यांना ते पटले नाही. आपला मुलगा काही वेडा नाही, ही आपल्याकडेही घरोघरी ऐकू येणारी भावना तिथेही आडवी आली. चर्चचे प्रमुख जॉन मॅकआर्थर यांनी त्याला काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतले आणि डॉक्टरांना भेटत राहायला सांगितले. १ एप्रिलला त्या तरुणाने जीवन संपवले.

आईवडिलांनी चर्चवर खटला भरला. तो आठ वर्षे चालला आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. पाळक हा परवानाधारक उपचारक नाही, त्यामुळे आत्महत्या टाळण्यासाठी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवण्याचे कायदेशीर कर्तव्य त्याच्यावर लादता येत नाही, असे बहुमताने ठरले. दोन न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत लिहिले. त्यांच्या मते कर्तव्य होतेच, फक्त या प्रकरणात त्याचा भंग झाल्याचे दिसत नाही. पाळकांनी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितले होते, हे त्यांनी लक्षात घेतले.

मला त्या दोघांचे मत बरोबर वाटते. सरकारने पाळकांच्या बोलण्यावर पहारा ठेवू नये, ही बहुमताची भीती खोटी नाही. पण चर्चची शिकवण अशी, की मनाच्या कितीही खोल व्यथेवर पाळक पुरेसा आहे, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ नको. इतका मोठा अधिकार ज्याने स्वतःकडे घेतला, त्याला न्यायालयात आम्ही फक्त धार्मिक मार्गदर्शक आहोत, असे म्हणून बाजूला होता येऊ नये. सर्जनच्या हातून चूक झाली तर तो जाब देतो. आत्म्याचा वैद्य म्हणवणाऱ्यालाही निदान आपल्या अंतःकरणापुढे आणि मंडळीपुढे तो द्यावा लागेल.

अ‍ॅडम्स यांच्या पुढच्या पिढीने हे बरेचसे ओळखले. डेव्हिड पॉलिसन हे त्या पिढीतले सर्वांत शहाणे नाव. चर्चकडे वळण्यापूर्वी ते बोस्टनजवळच्या मॅक्लीन मनोरुग्णालयात काम करत होते, त्यामुळे आजार काय असतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. माणूस फक्त पाप करणारा नाही, तो सोसणाराही आहे, हा समतोल त्यांनी चळवळीत आणला. अ‍ॅडम्स यांच्या चळवळीवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन करून तिचे दोषही लिहिले. २०१९ मध्ये ते वारले, अ‍ॅडम्स त्यानंतरच्या वर्षी.

तरी ओढाताण संपलेली नाही. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचे सदर्न बॅप्टिस्ट धर्मविद्यालय एकेकाळी पाळकीय मानसशास्त्राचा गड होते. कामाच्या व्यसनाला इंग्रजीत ‘वर्कॅहॉलिक’ हा शब्द देणारे वेन ओट्स तिथलेच प्राध्यापक. त्या विद्यालयाने २००५ मध्ये ती परंपरा सोडून बायबलाधारित समुपदेशनाचा मार्ग धरला. २०१३ मध्ये लाइफवे रिसर्च या संस्थेने अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा केवळ प्रार्थना आणि बायबलवाचन यांनी गंभीर मानसिक आजारावर मात करता येते, असे इव्हँजेलिकल लोकांपैकी ४८ टक्क्यांनी सांगितले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले प्रसिद्ध पाळक रिक वॉरन यांच्या मुलाने दीर्घ आजारानंतर आत्महत्या केली. वॉरन दांपत्याने दुःख लपवून ठेवले नाही. २०१४ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमध्ये मानसिक आरोग्यावर मोठी परिषद भरवली, तीत कॅथलिक बिशपही सामील झाले. उलट जॉन मॅकआर्थर यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, की आघातोत्तर तणाव, मंत्रचळ यांसारखे आजार मुळात नाहीतच. ज्या पाळकाने एकेकाळी त्या तरुणाला डॉक्टरांना भेटत राहायला सांगितले होते, त्यानेच हे म्हणावे याचा मला फार खेद होतो.

दोन टोकांच्या मधला रस्ता कल्पनेतला नाही, तो मोजूनही पाहिलेला आहे. रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैराश्य असलेल्या ५९ धार्मिक रुग्णांवर अभ्यास केला. काहींना नेहमीची विचार व वर्तन बदलणारी उपचारपद्धती दिली, काहींना तीच पद्धत त्यांच्या श्रद्धेच्या भाषेत दिली. श्रद्धेच्या भाषेतली पद्धत अधिक चांगली चालली, आणि विशेष म्हणजे स्वतः श्रद्धाळू नसलेल्या उपचारकांनीही ती उत्तम राबवली. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण रुग्णाची श्रद्धा ही अडचण न मानता तिच्यासकट उपचार करता येतात, एवढे त्याने दाखवले.

आपल्याकडेही या वादाची एक धार आली. मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी शिकागोत मानसशास्त्र व समुपदेशन शिकून १९७०च्या दशकात आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात ‘साधना’ ही पाळकीय समुपदेशनाची संस्था उभी केली. शेकडो धर्मगुरू आणि धर्मभगिनी तिथे स्वतःच्या मनाकडे पाहायला शिकल्या. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या अधिपत्याखालील व्हॅटिकनच्या खात्याने त्यांच्या लेखनाबाबत इशारा काढला. आक्षेप देव आणि ख्रिस्त यांविषयीच्या त्यांच्या मतांवर होता, मानसशास्त्रावर नव्हे. साधनेचे काम चालू राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तर १९५०च्या दशकापासून मानसिक आरोग्य केंद्र आहे, आणि तिथे रुग्णासोबत घरचे माणूस राहते, ही त्याची पहिल्यापासूनची खासियत. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांसाठी आणखी एक बदल फार मोलाचा ठरला. १९१७च्या चर्चच्या कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धर्मविधीने दफन नाकारले होते. १९८३च्या नव्या कायद्यातून ती तरतूद गेली, आणि १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात गंभीर मानसिक त्रासामुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते, असे स्पष्ट लिहिले गेले. किती आयांच्या छातीवरचा दगड त्याने उतरला असेल.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांच्या पाळकांना, धर्मगुरूंना, आणि खरे तर कोणत्याही धर्मात लोक ज्यांच्या पायाशी दुःख घेऊन येतात त्या सर्वांना माझी विनंती आहे. प्रार्थना करा, बोध करा, कबुली ऐका. ते तुमचे काम आहे आणि कोणी डॉक्टर ते करणार नाही. पण समोरचा माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना सांगा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः सोबत घेऊन जा. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येते, आणि तिचा क्रमांक १४४१६ आहे.